बुद्धिबळातल्या माणसाचं नाव राष्ट्रीय पुरस्कारासाठी कसं पाठवायचं

लालबागला बुद्धिबळाचा वर्ग चालवणारे आमचे सर पद्मश्रीला लायक आहेत, हे आम्ही त्यांचे जुने विद्यार्थी वीसेक वर्षं स्पर्धा संपल्यावर चहा पिता पिता म्हणत आलो. नाव मात्र कुणीच पाठवलं नव्हतं. सरकार अशी माणसं आपणहून हुडकून काढतं, नाहीतर कुठल्यातरी मंत्र्याची चिठ्ठी लागते, अशी आमची समजूत होती. दोन्ही चूक. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव पाठवू शकतो, अगदी स्वतःचंसुद्धा, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

हे मला २०२३ साली कळलं. तेव्हापासून तीन वेळा मी सरांचं नाव पाठवलंय. अजून दिल्लीहून फोन आलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या वर्षी मी भरलेला अर्ज आज वाचला की लाज वाटते, आणि तिसऱ्या वर्षीचा वाचला की वाटतं, आता निदान वाचणाऱ्याला सर कोण आहेत ते समजेल. या दोन अर्जांच्या मधे जे शिकलो ते इथे लिहितोय.

१. आधी पुरस्कार ठरवा

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. माणूस खेळाडू आहे, प्रशिक्षक आहे, पंच आहे की स्पर्धा भरवणारा आहे, यावर दार ठरतं.

खेळाडूसाठी अर्जुन आणि खेलरत्न. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बुद्धिबळात मॅन्युएल आरन यांना मिळाला. मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांना तो १९८४ साली मिळाला. खेलरत्न सुरू झाला तोच मुळी बुद्धिबळापासून: १९९१-९२ चा पहिला मानकरी विश्वनाथन आनंद. त्यानंतर २०२४ चा खेलरत्न गुकेशला मिळाला. हे पुरस्कार प्रामुख्याने गेल्या चार वर्षांतली आंतरराष्ट्रीय कामगिरी बघतात. तुमचा माणूस १९८७ साली राज्य विजेता होता, तर इथे त्याचा उपयोग नाही.

प्रशिक्षकासाठी द्रोणाचार्य. हा १९८५ ला सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९८६ ला, आपल्या रघुनंदन गोखले यांना बुद्धिबळासाठी मिळाला. २०२३ चा प्रज्ञानंद आणि वैशाली यांचे प्रशिक्षक आर. बी. रमेश यांना. यात नियमित आणि जीवनगौरव असे दोन विभाग आहेत. पण दोन्हींत प्रश्न एकच असतो: तुमच्या हाताखालून गेलेल्या खेळाडूंनी कोणत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काय मिळवलं? शेकडो मुलांना घोड्याची अडीच घरं शिकवणारा माणूस कितीही थोर असला तरी इथे गुणांकनात बसत नाही. हे कटू आहे, पण आधीच समजून घेतलेलं बरं.

जुन्या खेळाडूंसाठी पूर्वी ध्यानचंद जीवनगौरव होता. ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांना २०२१ चा मिळाला तो हाच. आता तो बंद होऊन त्याच्या जागी अर्जुन जीवनगौरव आलाय, आणि २०२४ चा तो पॅरालिम्पिक जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांना मिळाला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं होतं. जुनी माहितीपत्रकं वाचून ध्यानचंद पुरस्कारासाठी फाइल बनवणारा एक गृहस्थ मला गेल्या वर्षीच भेटला. तेव्हा चालू वर्षाचीच सूचना वाचा. क्रीडा मंत्रालयाच्या पुरस्कारांना अलीकडच्या वर्षांत खेळाडू किंवा प्रशिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो, संघटनेच्या शिफारशीवाचून अडत नाही.

राज्याचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार वेगळा. तो क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडून, म्हणजे बालेवाडीहून चालतो, आणि आपल्याला संबंध येतो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांशी. मुंबईत इथे एक गंमत आहे: शहर जिल्ह्याचं कार्यालय धारावीच्या क्रीडा संकुलात, उपनगर जिल्ह्याचं कांदिवली पूर्वेला. राहणं लालबागला आणि वर्ग घाटकोपरला, असं असेल तर फाइल कुठे द्यायची हे जाण्याआधी फोनवर विचारून घ्या. आणि शासन निर्णयात खेळांची आणि विभागांची यादी असते ती दरवेळी नव्याने वाचा, कारण ती बदलते.

उरला पद्म. स्पर्धा भरवणारे, पंच, अंध मुलांना शिकवणारे, बुद्धिबळावर मराठीत लिहिणारे, चाळीस वर्षं एकच वर्ग चालवणारे, यांच्यासाठी हेच दार. पद्मच्या अर्जात ‘खेळ’ या क्षेत्राखाली खेळाचा प्रसार हाही विषय धरलेला आहे. आमच्या सरांसाठी आम्ही हेच निवडलं, म्हणून पुढचं सगळं पद्मच्या अंगाने सांगतो.

२. माणूस नियमात बसतो का ते बघा

सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले नोकरदार पद्मसाठी पात्र नाहीत, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून, असं नियमावली सांगते. मुंबईच्या जुन्या बुद्धिबळपटूंपैकी कितीतरी जण रेल्वेत, बँकेत, विमा कंपनीत चिकटलेले. आमचे सरही त्यातलेच. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण मी पहिल्या अर्जात ‘राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. वाचणारा काय समजला असेल, कोण जाणे. निवृत्तीचं वर्ष स्पष्ट लिहा.

हा पुरस्कार सहसा मरणोत्तर दिला जात नाही, अगदी अपवादात्मक बाबतीतच देतात. म्हणजे थांबून चालत नाही. ज्यांचं नाव मी सरांच्याही आधी पाठवायला हवं होतं, ते आमचे एक ज्येष्ठ पंच त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले.

आणखी एक. एका वर्षात सगळ्या क्षेत्रांत मिळून जास्तीत जास्त १२० पद्म दिले जातात (मरणोत्तर आणि परदेशस्थ वेगळे). कला, साहित्य, वैद्यक, समाजसेवा, सगळे त्यात आले. बुद्धिबळात आनंद यांना तिन्ही पद्म मिळाले, पद्मविभूषण २००८ साली. कोनेरू हम्पीला पद्मश्री २००७ साली, द्रोणवल्ली हरिकाला २०१९ साली. ही नावं बघून दबून जाऊ नका, पण आपला अर्ज कुठल्या रांगेत उभा राहणार आहे ते मनात असू द्या.

३. कागद

खरं काम हे, आणि याला महिने लागतात.

मी सरांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी आधी उडवूनच लावलं. “अरे, कशाला हे सगळं? मी काय केलंय?”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तुम्ही गप्प बसा हो. त्याला माळ्यावरची ट्रंक काढू दे.”

ट्रंकेत पासष्ट ढाली निघाल्या आणि प्रमाणपत्रं फक्त अकरा. ढालींचा काडीचा उपयोग नाही. त्यांच्यावर वर्ष असलं तर स्पर्धेचं नाव नाही, नाव असलं तर सरांचं नाव नाही. पण ढालींच्या खाली जे सापडलं त्याने आमचा अर्ज उभा राहिला: रविवारच्या वर्गाच्या हजेरीच्या वह्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, दुरेघी. पहिली १९८३ ची. प्रत्येक मुलाचं नाव, शाळा, आणि समोर एका छोट्या चौकोनात कुणाशी डाव झाला त्याचा निकाल. सरांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं, त्यांनी त्या रद्दीत घालायच्या म्हणून बाजूला काढल्या होत्या.

तेव्हा पहिली सूचना: घरच्यांशी बोला, आणि रद्दीवाल्याच्या आधी पोचा.

दुसरी सूचना, वर्तमानपत्रांची. जुन्या स्पर्धांच्या बातम्या दोन-तीन ओळींच्या असायच्या, क्रीडा पानाच्या तळाशी. कात्रणं बहुधा कुणीतरी कापून ठेवलेली असतात, पण तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव कापताना गेलेलं असतं. असं कात्रण पुरावा म्हणून लुळं पडतं. स्पर्धेचा महिना माहीत असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या फाइली मिळतात का ते विचारा. मी सुट्टी टाकून तीन दिवस बसलो. चार बातम्या मिळाल्या, त्यातल्या दोन कामाच्या.

तिसरी, फिडेची. जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचं आणि पंचाचं पान असतं. मानांकन, किताब, किताबाचं वर्ष सगळं तिथे दिसतं. गेल्या काही वर्षांतल्या मानांकन स्पर्धांच्या नोंदीत मुख्य पंचाचं नावही सापडतं. पंचाची फाइल करणाऱ्याला हे घबाड आहे, कारण संघटनेकडे पत्र मागण्यात जे दिवस जातात ते वाचतात. एका संघटनेकडे मी पत्रासाठी सात महिने खेटे घातले. शेवटी मिळालं तेव्हा त्यात सरांचं आडनाव चुकलेलं होतं.

नावावरून आठवलं. फिडेच्या नोंदीत आडनाव आधी येतं, जुन्या प्रमाणपत्रांवर नुसती आद्याक्षरं असतात, आधारवर वडिलांचं नाव मधे. तिन्हीकडे माणूस एकच आहे हे अर्ज वाचणाऱ्याला कसं कळणार? एका ओळीत लिहून टाका की अमुक नावाने असलेली प्रमाणपत्रं याच व्यक्तीची आहेत.

आमच्या फाइलमध्ये शेवटी जे राहिलं ते असं:

– ओळख, जन्मतारीख आणि पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो
– निवृत्तीचा कागद
– फिडेच्या पानाची छापील प्रत, पंचपरीक्षेचं प्रमाणपत्र
– हजेरीच्या वह्यांची निवडक पानं, दर दशकातली दोन
– तारखेसह कात्रणं, प्रत्येकाखाली एका ओळीत मजकुराचा अर्थ (समितीत सगळे मराठी वाचणारे नसतात)
– वर्ग भरतो त्या सभागृहाच्या संस्थेचं पत्र, किती वर्षं आणि बिनशुल्क असा स्पष्ट उल्लेख असलेलं
– पुढे किताब मिळवलेल्या विद्यार्थ्यांची स्वतःच्या सहीची पत्रं
– आधी मिळालेल्या पुरस्कारांची वर्षवार यादी

हे सगळं अर्जाला जोडायचं नाही, तेवढी सोयच नसते. पण अर्जातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद आपल्याकडे असला पाहिजे. निवड होण्याआधी माणसाची चौकशी होते, आणि तेव्हा ‘ढाल होती पण सापडत नाही’ हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

शिवछत्रपती पुरस्काराच्या अर्जाला हीच फाइल चालते, तिथे याशिवाय पोलीस पडताळणीसारखे कागद मागतात. म्हणून स्कॅन एकदाच नीट करा. मोबाइलवर काढलेला, कडेला चादर दिसणारा फोटो नको.

४. ८०० शब्द

पद्मच्या अर्जात कामगिरीचं वर्णन सलग लिहायचं असतं, जास्तीत जास्त ८०० शब्दांत. आपण मराठी माणसं सत्काराच्या भाषणावर वाढलेलो. माझ्या पहिल्या अर्जाची सुरुवात अशी होती: ‘बुद्धिबळाच्या पटावर आपलं अवघं आयुष्य वेचणारे, विद्यार्थ्यांचे लाडके...’ अर्ज इंग्रजीत भरला, तर ते आणखीच पोकळ वाटलं. ८०० पैकी दोनशे शब्द विशेषणांत गेले.

तिसऱ्या वर्षीची सुरुवात: ‘१९८३ पासून दर रविवारी सकाळी ९ ते १२, लालबागमधल्या एका सभागृहात, कोणतंही शुल्क न घेता बुद्धिबळाचा वर्ग. हजेरीच्या वह्या उपलब्ध. गिरणी संपानंतर परिसरातल्या मुलांसाठी सुरू झालेला हा वर्ग आजही चालू आहे.’ यात एकही विशेषण नाही. ज्यांना १९८२ चा संप माहीत आहे त्यांना त्यातलं पुढचं समजतं.

निवडीच्या निकषांत नुसती उत्कृष्टता पुरत नाही, त्याहून अधिक काही हवं आणि कामात लोकसेवेचा अंश हवा, असं म्हटलंय. नुसती दीर्घ सेवाही पुरत नाही. म्हणून तीन प्रश्नांची उत्तरं सापडली पाहिजेत. हे काम या माणसाने केलं नसतं तर झालं नसतं का? त्याचा फायदा कुणाला झाला? आणि ते दुसऱ्या कुणी उचललं का? तिसऱ्या प्रश्नावर आम्ही अडलो होतो. मग लक्षात आलं की सरांच्या विद्यार्थ्यांपैकी चौघांनी डोंबिवली, भांडुप आणि विरारला स्वतःचे वर्ग काढलेत, दोघांचे अजूनही बिनशुल्क आहेत. हे आम्हाला इतकं नेहमीचं झालं होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं.

लिहिताना एक सापळा कायम लक्षात ठेवा, किताबांचा. मराठी बातम्यांत ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ हा शब्द फार सैल वापरतात. आंतरराष्ट्रीय मानांकन असणं वेगळं, आंतरराष्ट्रीय मास्टर असणं वेगळं. फिडे मास्टर त्याच्या खालचा. आंतरराष्ट्रीय पंच हा पंचाचा किताब, फिडे पंच त्याच्या खाली. सीनियर ट्रेनर हा प्रशिक्षकाचा. बुद्धिबळ जाणणारा एक जरी माणूस समितीने विचारायला धरला आणि त्याला मानांकित खेळाडू ‘मास्टर’ म्हणून लिहिलेला दिसला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

५. पोर्टल

नामांकन फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर (अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन). टपालाने पाठवलेली जाडजूड फाइल चालत नाही, मंत्रालयात नेऊन दिलेली तर नाहीच. नाव पाठवणाऱ्याने स्वतःची नोंदणी करायची, मोबाइलवर ओटीपी येतो, मग पुरस्कार निवडून अर्ज भरायचा. मसुदा साठवून ठेवता येतो. वर्णन आधी दुसरीकडे लिहून शब्द मोजून मग तिथे चिकटवा.

तारखांवर विसंबू नका. २०२५ च्या पुरस्कारांसाठी मुदत १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ होती. मी त्याच हिशोबाने पुढच्या वर्षी निवांत होतो. २०२६ च्या पुरस्कारांसाठी नामांकनं १५ मार्च २०२५ लाच सुरू झाली आणि शेवटची तारीख ३१ जुलै होती. पुढे १५ ऑगस्टपर्यंत वाढवली म्हणून निभावलं. फेब्रुवारीत फाइल तयार असेल तर कुठलीच तारीख आपल्याला पकडू शकत नाही.

पाठवल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो, तो आणि अर्जाची प्रत जपून ठेवा. पुढच्या वर्षी नव्याने भरताना तीच लागते. आणि एकाच माणसासाठी पन्नास विद्यार्थ्यांनी पन्नास अर्ज करण्याची टूम आमच्याकडेही निघाली होती. मी हाणून पाडली. ही काही मतदानाची स्पर्धा नाही. एक नीट अर्ज बास.

६. पैसे मागणारे

सरांचं नाव पाठवल्याची बातमी आमच्या व्हॉट्सॲपवर फिरली आणि महिन्याभरात एक फोन आला. सरांना ‘राष्ट्रीय क्रीडारत्न’ म्हणून निवडलंय, दिल्लीला सोहळा, नोंदणी आणि स्मृतिचिन्हाचे अमुक हजार भरा. सर भाबडे, ते मला विचारायला लागले की कोट शिवावा का.

सरकारी पुरस्काराला कुठल्याही टप्प्यावर पैसे पडत नाहीत. ‘तुमची फाइल पुढे सरकवतो’ म्हणणाऱ्यालाही हेच लागू. पद्मची नावं पंतप्रधानांनी दरवर्षी नेमलेली समिती बघते, अध्यक्ष कॅबिनेट सचिव असतात, आणि शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे जातात. त्या वाटेवर आपल्या ओळखीचा कुणी बसलेला नसतो. खासगी संस्थेचा सत्कार जरूर घ्या, शाल चांगली असते, पण तो अर्जात ‘राष्ट्रीय पुरस्कार’ म्हणून लिहू नका.

७. पाठवल्यावर

नावं २५ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होतात. निवड झालेल्यांना कळवलं जातं, न झालेल्यांना काहीच कळत नाही, कारण सांगणारं पत्रही येत नाही. मिळाला तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. रक्कम नाही, रेल्वेची सवलत नाही, आणि नावाच्या मागे-पुढे ‘पद्मश्री’ लावायलाही परवानगी नाही. लग्नपत्रिकांवर ते सर्रास दिसतं, तो भाग वेगळा. क्रीडा मंत्रालयाच्या पुरस्कारांना मात्र रोख रक्कम असते: खेलरत्नला २५ लाख, अर्जुनला १५ लाख.

पुरस्कार लागू होत नसेल तर दुसरं दारही बघून ठेवा. सरांच्या दोन विद्यार्थिनी आता स्वतः प्रशिक्षक आहेत आणि त्यांचे विद्यार्थी आंतरराष्ट्रीय पदकं आणतायत. त्यांच्या बाबतीत द्रोणाचार्य किंवा शिवछत्रपती मार्गदर्शक पुरस्कार जास्त योग्य. त्यांना मी आत्ताच सांगून ठेवलंय: कोणता मुलगा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तुमच्याकडे शिकला, त्याची पालकांच्या सहीसकट नोंद ठेवा. मुलगा मोठा झाला, त्याने प्रशिक्षक बदलला, की मग ती सही मिळवणं फार जड जातं. एकीने वही घातलीय. दुसरी म्हणते, बघू.

२५ जानेवारीला संध्याकाळी सरांकडे फोन करू नका, एवढं मी सगळ्यांना बजावलंय. पहिल्या वर्षी तीस जणांनी ‘काही कळलं का’ म्हणून फोन केला आणि काकूंना रात्री गोळी घ्यावी लागली. यादी संकेतस्थळावर लागते, तिथेच वाचा. आणि नाव नसलं तर दुसऱ्या दिवशी जुन्या अर्जाची प्रत काढून त्यात गेल्या वर्षभराचं काय वाढलं ते पेन्सिलीने लिहून ठेवा.